एका कानाने ऐकलेला अल्बम : वाचकांची मते आणि प्रश्न

गेल्या महिन्यात या सदरात अमेरिकेतील ‘कॉर्न’ या बँडच्या पहिल्या अल्बमविषयी चार ओळी लिहिल्या होत्या आणि वाचकांनी तो पूर्ण ऐकून आपले मत कळवावे, अशी विनंती केली होती. ११ ऑक्टोबर १९९४ रोजी आलेल्या या अल्बमला बँडचेच नाव आहे, त्यात १२ गाणी आहेत, आणि जड गिटार व हिप-हॉपचा ठेका यांच्या ज्या मिश्र संगीताला पुढे ‘न्यू मेटल’ म्हटले जाऊ लागले त्याची सुरुवात बहुतेक जाणकार येथूनच मोजतात. पत्रे आली ती मुख्यतः विदर्भातल्या खेड्यांमधून. कोणी भरभरून लिहिले, कोणी रागावून लिहिले. दोघांनीही अल्बम मनापासून ऐकला होता याचे मला समाधान वाटले. ज्या पत्रांत मताबरोबर प्रश्नही होते, ती येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या भागात कृषिपंपाला आठवड्यातले काही दिवस रात्रीचीच वीज मिळते, त्यामुळे हरभऱ्याच्या ओलिताला मध्यरात्री वावरात जावे लागते. तीन रात्री मी हा अल्बम ऐकला, परंतु एकाच कानात इयरफोन ठेवून, कारण दुसरा कान रानडुकरांसाठी आणि मोटार बंद पडली तर कळावे यासाठी मोकळा ठेवणे भाग असते. ड्रम आणि गायकाचा आवाज मनात बसला. गिटार मात्र तुटक, अर्धवट वाजवल्यासारखी वाटली. माझे हे मत बरोबर आहे का? (एक शेतकरी, चिखली तालुका)

उत्तर : आपण जे ऐकले ते बरोबर ऐकले, मात्र आपल्यापर्यंत अर्धाच अल्बम पोहोचला. या बँडमध्ये दोन गिटारवादक आहेत, जेम्स शॅफर आणि ब्रायन वेल्च, आणि ध्वनिमुद्रणात या दोन गिटार दोन बाजूंना ठेवलेल्या आहेत. एक गिटार एखादा कर्कश, वाकडा सूर टाकते आणि दुसरी तिला खालून उत्तर देते. संवादातल्या एकाच माणसाचे बोलणे ऐकू आले, तर ते तुटक वाटणारच. त्यांना हिप-हॉपमधील कापून-जोडून बसवलेल्या आवाजांचे आकर्षण होते आणि ते आवाज त्यांनी यंत्राने न काढता गिटारीवर काढले, म्हणून या वादनात लांबलचक एकल करामती जवळजवळ नाहीत आणि तुकडे पुष्कळ आहेत.

यावर एक सोपा उपाय आहे. बहुतेक अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटी या भागात, ‘मोनो ऑडिओ’ अशी एक कळ असते. ती चालू केली की दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र होऊन एकाच इयरफोनमध्ये येतो. दोन बाजूंमधली मोकळी जागा त्यामुळे नाहीशी होते हे खरे, पण एकही गिटार हरवत नाही. दुसरा कान मात्र मोकळाच ठेवा. रात्रीच्या वावरात संगीतापेक्षा जिवाची काळजी आधी घ्यावी लागते.

आणखी एक शक्यता मला आपल्या पत्रावरून सुचली. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची असते आणि मोटारीची घुमघुम मुख्यतः तिच्या दुपटीत, म्हणजे १०० हर्ट्झच्या आसपास उमटते. ‘कॉर्न’चे गिटारवादक सात तारांची गिटार वाजवतात आणि तिची सर्वांत जाड तार नेहमीपेक्षा एक पूर्ण सूर आणखी खाली उतरवतात, तेव्हा तिचा मूळ सूर ५५ हर्ट्झवर येतो आणि त्याची दुप्पट ११० हर्ट्झवर. आपली मोटार विहिरीच्या काठावर असेल आणि आपण तिच्याजवळ उभे राहून ऐकत असाल, तर मोटार आणि गिटार यांचे आवाज एकाच पट्ट्यात येतात आणि मोटार गिटारला गिळून टाकते. सारे पाणी धरून झाल्यावर धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन ‘ब्लाइंड’ हे पहिले गाणे पुन्हा लावा. सुरुवातीला फक्त झांजेवरची टिकटिक ऐकू येईल, मग एक गिटार येईल, मग दुसरी, त्यानंतर ताण वाढत जाईल, आणि गायक श्रोत्यांना एकच प्रश्न ओरडून विचारील तेव्हा सारा बँड एकदम कोसळेल. ही पहिली दीड मिनिटे नीट ऐकू आली, म्हणजे पुढच्या अल्बमची वाट मिळते.

फोनच्या उघड्या स्पीकरवर ऐकून ज्यांनी हा अल्बम ‘पोकळ’ ठरवला, अशा चार-पाच वाचकांनाही हेच उत्तर लागू आहे. तो इवलासा स्पीकर इतके खालचे सूर काढूच शकत नाही.

प्रश्न : मी गेली चाळीस वर्षे गावच्या भजन मंडळात खंजिरीवर साथ करतो. आपल्या सदरामुळे नातवाने मला हा अल्बम पूर्ण ऐकवला. शब्द कळत नाहीत, सूर लागत नाही, आणि एक माणूस तासभर ओरडतो. याला आपण संगीत कशाच्या आधारावर म्हणता? (एक ज्येष्ठ वाचक, तिवसा तालुका)

उत्तर : आपण पूर्ण अल्बम ऐकलात, याबद्दल आधी आपले आभार मानतो. आपला आक्षेप मी टाळणार नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या परंपरेतील खंजिरी भजनात शब्द शेवटच्या ओळीत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचलाच पाहिजे, आणि ताल त्या शब्दाच्या सेवेला असतो. त्या कसोटीवर हा अल्बम उतरत नाही, कारण येथे गायकाचा हेतूच वेगळा आहे. जोनाथन डेव्हिस हा गायक शब्द संपतात तिथून पुढचे काही सांगू पाहतो. ‘बॉल टंग’ या गाण्यात तर तो अर्थ नसलेले ध्वनी वेगाने उच्चारत जातो, आणि तो भाग तबल्याचे बोल तोंडाने म्हणावेत तसा केवळ तालाच्या अंगाने ऐकला, तर आपल्यासारख्या साथीदाराला त्यातली बांधणी चटकन कळेल, अशी माझी खात्री आहे.

माझी आपल्याला एकच विनंती आहे. पुढच्या वेळी गायकाकडे लक्ष न देता फक्त बास गिटार आणि ड्रम ऐका. रेजिनाल्ड आर्व्हिझू हा बासवादक तारा बोटाने छेडण्यापेक्षा त्यांवर थाप मारतो, त्यामुळे सूर कमी आणि तारेचा खटखट आवाज जास्त ऐकू येतो. खंजिरीच्या कातड्यावरची थाप आणि तिच्या चकत्यांची खणखण या दोन्ही गोष्टी तो एका वाद्यातून काढतो, असे मी म्हणेन. डेव्हिड सिल्व्हेरिया या ड्रमवादकाशी त्याचे जे जमले आहे, ते वर्षानुवर्षे एकत्र बसणाऱ्या साथीदारांचेच जमते.

राहिला प्रश्न लांबीचा, तर तिथे मी आपल्या बाजूने आहे. मधली तीन-चार गाणी एकाच चालीने, एकाच रागाने पुढे जातात आणि ती सलग ऐकताना माझेही लक्ष सुटते.

प्रश्न : ‘शूट्स अँड लॅडर्स’ या गाण्यात इंग्रजी बालगीते एकामागून एक येतात, पण ऐकताना भीती वाटते. मला लहानपणी म्हटलेली भुलाबाईची गाणी आठवली. हा संबंध मी उगाच लावते आहे का? (एक वाचक, अकोट तालुका)

उत्तर : मुळीच नाही. आलेल्या सर्व पत्रांत आपले पत्र मला सर्वांत जास्त आवडले. भुलाबाईच्या गाण्यांमध्ये सासू-सासरे, दीर-नणंद, माहेरी जाण्याची परवानगी आणि ती न देण्याच्या नाना तऱ्हा येतात. आठ-दहा वर्षांच्या मुली ती गाणी टाळ्या वाजवत, खाऊ ओळखण्याच्या ओढीने म्हणतात, आणि आपण काय म्हणत होतो ते त्यांना लग्नानंतर कळते. डेव्हिसने याच जागी बोट ठेवले आहे. मुलांच्या तोंडी दिलेल्या गोड गाण्यांच्या पोटात काय दडलेले असते, हा त्याचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्यासाठी त्याने स्वतःचे शब्द जवळजवळ वापरलेलेच नाहीत. मूळ बालगीतेच तो अशा आवाजात म्हणतो की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा.

यातील एका बालगीताचा संबंध इंग्लंडमधील प्लेगच्या साथीशी जोडणारी कथा पुष्कळदा सांगितली जाते, परंतु लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी ती ग्राह्य मानलेली नाही. गाण्याचा परिणाम त्या कथेवर अवलंबूनही नाही.

गाण्याच्या आरंभी येणारे वाद्य कोणते, असेही आपण विचारले आहे. ते बॅगपाइप आहे, २६ जानेवारीच्या संचलनात पोलिसांच्या बँडमध्ये दिसते तेच. डेव्हिस ते शाळेत असताना शिकला आणि येथे त्याने स्वतः वाजवले आहे. सनईच्या जोडीला दुसरा वादक एकच सूर धरून बसतो, तसा सूर या वाद्यात पिशवीला जोडलेल्या वेगळ्या नळ्या अखंड धरून ठेवतात. त्या अखंड सुरामुळेच बालगीत सुरू होण्याआधीच मनात काहीतरी अशुभ उभे राहते.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे आणि हा अल्बम तो रोज ऐकतो. शेवटच्या गाण्यात माणूस खरोखर रडताना ऐकू येतो आणि गाण्याचे नाव ‘डॅडी’ आहे. मी घाबरले. त्याला हे ऐकू द्यावे की बंद करावे? (एक आई, दारव्हा तालुका)

उत्तर : ताई, तुमची भीती रास्त आहे, म्हणून या उत्तराला मी जास्त जागा देतो.

ते रडणे खरे आहे. लहानपणी एका परिचित व्यक्तीने आपले लैंगिक शोषण केले, आपण ते घरी सांगितले आणि आपल्यावर कोणी विश्वास ठेवला नाही, असे डेव्हिसने मुलाखतींमधून उघडपणे सांगितले आहे. शोषण करणारे त्याचे वडील नव्हते, हेही त्याने स्पष्ट केले आहे. गाण्याचे नाव त्या मुलाच्या हाकेचे आहे, ज्या हाकेला उत्तर मिळाले नाही. मालिबू येथील इंडिगो रँच या स्टुडिओत हे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना गायक मध्येच कोसळला आणि हुंदके देऊ लागला. निर्माता रॉस रॉबिन्सन याने यंत्र बंद केले नाही, साथीदार वाजवत राहिले, आणि जे घडले ते तसेच अल्बमवर ठेवले गेले. त्यानंतर कितीतरी वर्षे बँडने हे गाणे मैफिलीत घेतले नाही. अल्बमला वीस वर्षे झाली तेव्हा संपूर्ण अल्बम रंगमंचावर सादर करताना त्यांनी ते पुन्हा म्हटले.

काही वाचकांनी या रडण्याला ‘नाटक’ म्हटले आहे. त्यांच्याशी मी सहमत नाही. हे गाणे ऐकायला सुखद नाही आणि ते पुन्हापुन्हा ऐकावे असेही मी कोणाला सांगणार नाही, मात्र ज्याने सांगूनही कोणी ऐकले नाही, त्याचे एकदा तरी ऐकून घ्यावे, इतका मान त्या ध्वनिमुद्रणाला द्यायला हवा.

आता तुमच्या मुलाविषयी. अल्बमच्या वेष्टनावर पालकांसाठी सूचना छापलेली होती आणि ती योग्यच होती. अनेक गाण्यांत शिव्या आहेत. एका गाण्याचे नाव तर समलिंगी व्यक्तींना हिणवण्यासाठी वापरला जाणारा अपशब्दच आहे. शाळेत डेव्हिसला तोच शब्द ऐकावा लागला आणि त्या छळाविषयीच ते गाणे आहे, तरी चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा अर्थ सोडून शब्द तेवढा उचलू शकतो, ही काळजी खरी आहे. तरीही फोन हिसकावून घेण्याचा सल्ला मी देणार नाही. एका संध्याकाळी, स्वयंपाक आटोपल्यावर, त्याच्या शेजारी बसून ‘ब्लाइंड’ आणि ‘क्लाउन’ ही दोन गाणी त्याच्याबरोबर ऐका, आणि तुला यात काय आवडते, असे साध्या आवाजात विचारा. पुष्कळ मुलांना यातला ठेका आवडतो, दुसरे काही नसते. शाळेत कोणी चिडवत असेल, मारत असेल, तर तेही अशाच बोलण्यातून बाहेर येते.

आणि शेवटचे गाणेच तो पुन्हापुन्हा ऐकत असेल, तर त्याच्याशी काही वाईट झाले आहे का, हे थेट पण प्रेमाने विचारायला कचरू नका. त्याने काही सांगितले, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. मुले असोत वा मुली, १८ वर्षांखालील सर्वांना २०१२ च्या पोक्सो कायद्याचे संरक्षण आहे, आणि १०९८ या बालकांसाठीच्या मदतक्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क बोलता येते. हा क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा, असे मी सर्वच वाचकांना सांगेन.

प्रश्न : आमच्या वडशाकडे झाडीपट्टीचे नाटक रात्रभर चालते तरी कोणी उठत नाही, पण हा अल्बम तासाभरातच कंटाळा आणतो. त्यापेक्षा ‘लिंकिन पार्क’चा पहिला अल्बम कितीतरी सरस आहे, असे माझे व माझ्या मित्रांचे मत आहे. (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, देसाईगंज तालुका)

उत्तर : २४ ऑक्टोबर २००० रोजी आलेला ‘हायब्रिड थिअरी’ हा अल्बम १२ गाणी ३८ मिनिटांच्या आत संपवतो, त्यात एकही शिवी नाही, आणि प्रत्येक गाण्याची चाल पहिल्याच ऐकण्यात तोंडात बसते. ‘कॉर्न’चा अल्बम ६५ मिनिटांचा आहे, त्याचा शेवटचा भाग १७ मिनिटांचा असून त्यात गाणे संपल्यावर बराच वेळ शांतता आहे आणि त्यानंतर एका जोडप्याच्या भांडणाचे ध्वनिमुद्रण लावलेले आहे, ज्याचा गाण्याशी काही संबंध नाही. त्या वेदनेनंतर हे भांडण ठेवणे मला चुकीचेच वाटते. घोटीव काम कोणाचे, असे विचाराल तर ‘लिंकिन पार्क’चे. पण माझी निवड तरीही ‘कॉर्न’ची आहे, कारण त्यातली भेग बुजवलेली नाही, आणि सहा वर्षांनंतरच्या त्या घोटीव कामाला जी वाट मिळाली ती याच ओबडधोबड अल्बमने पाडलेली होती. रेडिओवर फारसे स्थान न मिळता, गावोगाव मैफिली करत हा अल्बम अमेरिकेत २० लाख प्रतींच्या प्रमाणपत्रापर्यंत पोहोचला.

प्रश्न : हा बँड ज्या गावाचा आहे ते बेकर्सफील्ड कसे आहे? असा राग मोठ्या शहरात तयार होतो, अशी माझी समजूत होती. (एक संत्रा बागायतदार, वरुड तालुका)

उत्तर : हा प्रश्न वरुडहून यावा, याचे मला विशेष वाटले. बेकर्सफील्ड हे कॅलिफोर्नियाच्या मोठ्या खोऱ्याच्या दक्षिण टोकाला, कर्न काउंटीत वसलेले आहे, आणि त्या काउंटीची ओळख वर्षानुवर्षे कापूस, संत्री-लिंबू आणि खनिज तेल अशी आहे. उन्हाळ्यात तिथला पारा चाळिशीला टेकतो, पाऊस आपल्यापेक्षाही कमी पडतो, आणि बागा कालव्याच्या व विहिरींच्या पाण्यावर जगतात. लॉस एंजेलिस हे झगमगते शहर तिथून गाडीने दोन तासांवर आहे. तिथे जाण्याची ओढ आणि तिथे आपले कोणी नाही ही जाणीव, दोन्ही त्या गावातल्या पोरांच्या वाट्याला एकदमच येतात. वरुड-मोर्शीच्या पोरांना पुण्याविषयी जे वाटते, ते याहून फार वेगळे नसावे.

या गावाला आधीचीही एक संगीत-परंपरा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील ओक्लाहोमा आणि शेजारच्या राज्यांत दुष्काळ आणि धुळीच्या वादळांनी शेती उद्ध्वस्त झाली, तेव्हा हजारो कुटुंबे कापूस आणि फळे वेचण्याच्या मजुरीसाठी या खोऱ्यात आली. मर्ल हॅगार्ड हा गायक अशाच एका कुटुंबात १९३७ साली बेकर्सफील्डजवळ जन्मला. त्याचे घर म्हणजे रेल्वेच्या जुन्या डब्याचे केलेले घर होते. त्याने आणि बक ओवेन्सने मजुरांच्या, तुरुंगाच्या आणि तुटलेल्या संसाराच्या गाण्यांना जो खरखरीत, विजेच्या गिटारीचा आवाज दिला, त्याला गावाचेच नाव मिळाले. जोनाथन डेव्हिसचे वडीलही याच गावात संगीताचा आणि ध्वनिमुद्रणाचा व्यवसाय करणारे होते, तर स्वतः जोनाथन बँडमध्ये येण्यापूर्वी काउंटीच्या शवविच्छेदन विभागात काम करत होता. विशीतल्या मुलाने रोज मृतदेह पाहावेत आणि संध्याकाळी गाणे म्हणावे, हे लक्षात घेतले म्हणजे या अल्बममधला आवाज कोणत्या खोलीतून येतो, ते कळते.

प्रश्न : माझ्याकडे साधी सहा तारांची गिटार आहे. त्यावर ही गाणी वाजतील का? तार खाली उतरवली तर ती दोरीसारखी लोंबते. (अकरावीतला एक विद्यार्थी, आर्वी तालुका)

उत्तर : वाजतील, पण आहे त्याच तारांवर नाही. तुझी सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झवर लागते आणि तुला ती ५५ वर न्यायची आहे. एवढे उतरवल्यावर तारेवरचा ताण निम्म्याहूनही कमी राहतो, म्हणून ती लोंबते. नेहमीच्या सेटमध्ये ही तार ४६ हजारांश इंच जाडीची असते, तिच्या जागी साठ ते सत्तरच्या दरम्यानची तार लाव आणि तिच्या खालच्या प्रत्येक तारेची जाडीही त्याच प्रमाणात वाढव. जाड तार मानेच्या टोकाकडील पट्टीच्या खाचेत बसत नसेल, तर ती खाच बारीक कानसीने हळूहळू रुंद करावी लागते. हे काम पहिल्यांदा स्वतः करू नकोस, वर्धा किंवा अमरावतीला गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून करून घे. त्याच वेळी ब्रिजवरचे स्क्रू फिरवून बाराव्या पडद्यावरचा सूर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट लागतो का, हेही त्याच्याकडून तपासून घे, कारण तो चुकला तर वरच्या पडद्यांवर सारे गाणे बेसूर होते. बोटांना सवय होईपर्यंत ‘ब्लाइंड’ची सुरुवात निम्म्या वेगाने वाजव.